जीवनसत्त्व ‘ई’ तैल : व्यवहार आणि विवेक

मृदू, पारदर्शक आवरणातील जीवनसत्त्व ‘ई’ची कॅप्सूल हे आज वैद्याला न विचारता घेतल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक प्रमुख औषध झाले आहे. प्राचीन शिवमंदिरामुळे व महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे पंचक्रोशीत ख्यात असलेल्या, गोंदिया शहरालगतच्या नागरा परिसरात रुग्णाची औषधांची पिशवी उघडून पाहिली, तर रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत ही कॅप्सूल हमखास निघते. केस गळतात म्हणून मुलीने आणलेली, पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून आईने सुरू केलेली, आणि ‘ताकद येते’ म्हणून आजोबांनाही तीच. विचारणा केली की उत्तर ठरलेले असते : “औषध नाही जी, विटामिन आहे ते.” या उत्तरात दडलेला गैरसमज कोठे निरुपद्रवी आहे आणि कोठे घातक, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमच्या वैद्यबंधूंपैकी काहीजण या कॅप्सूलला ‘स्नेहाचे आधुनिक रूप’ मानून रसायन म्हणून लिहून देतात. या भूमिकेचाही परामर्श घेणे आवश्यक वाटते.

नावामागील कथा

१९२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स व कॅथरिन बिशप यांनी उंदरांवर प्रयोग करताना असे पाहिले की, विशिष्ट आहारावर ठेवलेल्या माद्यांना गर्भ राहतो, परंतु तो पूर्ण वाढण्यापूर्वीच विरून जातो. आहारात हिरवा पाला अथवा गव्हाच्या अंकुराचा स्नेहांश घातल्यास गर्भ टिकतो. या अज्ञात घटकास पुढे ‘ई’ हे अक्षर मिळाले. १९३६ मध्ये गव्हाच्या अंकुराच्या तेलातून तो शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आला व त्यास ‘टोकोफेरॉल’ हे ग्रीक नाव देण्यात आले. त्याचा अर्थ ‘अपत्य धारण करविणारे’ असा आहे. १९३८ मध्ये पॉल कारर यांनी त्याची कृत्रिम निर्मिती साधली.

उंदरांवरील या प्रयोगाने दिलेले नाव मानवाच्या चिकित्सेस चांगलेच भोवले. आजही वंध्यत्वाच्या वा वारंवार गर्भपाताच्या रुग्णेस ही कॅप्सूल जणू शास्त्रोक्त गर्भस्थापन द्रव्य असल्याप्रमाणे दिली जाते. वस्तुतः गर्भिणींना जीवनसत्त्व ‘ई’ देण्याविषयीच्या चाचण्यांचे जे पुनरावलोकन कॉक्रेन संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात मृतजन्म, अकाल प्रसूती वा गर्भिणीचा वाढता रक्तदाब यांपैकी कशातही लाभ आढळला नाही. उलट उदरशूल व पूर्ण दिवस भरल्यावर कळांपूर्वीच गर्भोदक जाणे, यांचे प्रमाण वाढलेले दिसले. गर्भिणीस ही कॅप्सूल नित्यनेमाने देण्यास आधार नाही, हे स्पष्टपणे लिहिलेले बरे.

स्नेह आणि कॅप्सूल

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या तेराव्या अध्यायात सर्पि, तैल, वसा व मज्जा हे चार श्रेष्ठ स्नेह सांगितले आणि स्थावर स्नेहांत बल व स्नेहनासाठी तिळतेलास अग्रस्थान दिले. तेथेच स्नेहाची ह्रस्व, मध्यम व प्रधान मात्रा ही ती पचण्यास लागणाऱ्या काळावरून ठरविलेली आहे. ह्रस्व मात्रा पचण्यासही अर्धा दिवस लागावा अशी अपेक्षा असते. आता प्रचलित कॅप्सूलकडे पाहावे. तीत टोकोफेरिल ॲसिटेट ४०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असते. एवढ्या थेंबाने कोष्ठ स्निग्ध होत नाही, वातानुलोमन होत नाही, त्वचेचे रौक्ष्य आतून जात नाही. जो स्निग्ध गुण आपण तैलात पाहतो, तो या मात्रेत संभवतच नाही. ही कॅप्सूल जे काही करते ते स्नेह म्हणून नव्हे, तर एक स्वतंत्र, तीव्र मात्रेचे द्रव्य म्हणून करते.

दुसरा मुद्दा योनीचा. तेल आपल्या बीजाचे गुण घेऊन येते, असा वाग्भटाचार्यांचा सिद्धान्त आहे. स्वस्त कॅप्सूलमधील टोकोफेरॉल बहुधा कृत्रिम असते. त्याची योनी रसायनशाळेत आहे, घाण्यात नाही. निसर्गात टोकोफेरॉलचे चार व टोकोट्रायनॉलचे चार असे एकूण आठ प्रकार आढळतात. मानवी यकृत त्यांपैकी अल्फा टोकोफेरॉल तेवढे निवडून रक्तात पुनः सोडते. कृत्रिम अल्फा टोकोफेरॉलमध्ये आठ प्रतिरूपे मिसळलेली असतात आणि त्यांपैकी निम्मीच शरीर राखून ठेवते. म्हणून ४०० आंतरराष्ट्रीय एककांची नैसर्गिक कॅप्सूल सुमारे २६८ मिलिग्रॅम उपयुक्त अल्फा टोकोफेरॉल देते, तर तेवढ्याच एककांची कृत्रिम कॅप्सूल १८० मिलिग्रॅमच्या आसपास. अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने २००० साली प्रौढासाठी ठरविलेली दैनंदिन गरज १५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ज्यास आपण ‘एक साधी कॅप्सूल’ म्हणतो, ती रोजच्या गरजेच्या किमान बारापट असते. आहाराची पूर्ती आणि औषधाची मात्रा यांतील हा भेद रुग्णाच्या ध्यानी नसतो. तो वैद्याच्या ध्यानी असावयास हवा.

खरी न्यूनता कोणाची?

सामान्य आहार घेणाऱ्या निरोगी प्रौढात या जीवनसत्त्वाची लक्षणे निर्माण करणारी न्यूनता क्वचितच आढळते. जेथे आढळते तेथे बहुधा स्नेह पचत अथवा शोषला जात नाही. दीर्घकाळ चिकट, तेलकट, दुर्गंधी मल जाणारा ग्रहणीचा रुग्ण, अग्न्याशयाचा जुनाट विकार, पित्तमार्ग अवरुद्ध असलेले कामलाग्रस्त बालक, आतड्याचा मोठा भाग काढलेला रुग्ण आणि अकाली जन्मलेले अर्भक ही यांची उदाहरणे होत. काही दुर्मीळ कुटुंबांत यकृतातील निवड करणारे प्रथिनच जन्मतः सदोष असते.

लक्षणे पाहिली तर कोणत्याही वैद्यास वातव्याधीची आठवण व्हावी. चालताना तोल जाणे, अंधारात वा डोळे मिटले असता अधिकच डळमळणे, पायाची कंपसंवेदना नष्ट होणे, गुडघ्याचे प्रतिक्षिप्त आकुंचन मंदावणे, पुढे दृष्टी क्षीण होणे. अशा रुग्णास केवळ बस्ती व अभ्यंग देत राहणे आणि ग्रहणीचा इतिहास न विचारणे हे अपुरे होय. येथे जीवनसत्त्व ‘ई’ खरोखर औषध आहे, वेळीच दिल्यास उपकारक आहे आणि विलंब झाल्यास मज्जातंतूंची हानी भरून निघणे कठीण होते. रक्तातील मात्रा तपासण्याची सोय असलेल्या रुग्णालयाकडे असा रुग्ण पाठविण्यात वैद्याची अप्रतिष्ठा नाही. तसेच, जेथे अग्नीच स्नेह पचवीत नाही, तेथे तोंडावाटे नुसती कॅप्सूल वाढवीत नेणे म्हणजे गळक्या माठात पाणी ओतणे. दीपन, पाचन व मूळ व्याधीची चिकित्सा बरोबरीने हवी.

चाचण्यांचा कौल

विसाव्या शतकाच्या अखेरीस जीवनसत्त्व ‘ई’ हे हृद्रोग व अर्बुद यांवरील कवच ठरेल अशी मोठी आशा होती. तैल हवेने खवट होते, टोकोफेरॉल ते खवट होणे रोखते. शरीरातील स्नेहाचेही तसेच रक्षण होईल, असा तर्क होता. तर्क सुंदर होता. मोठ्या चाचण्यांनी मात्र तो उचलून धरला नाही. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. रोज ५० मिलिग्रॅम देऊनही फुप्फुसाचे अर्बुद घटले नाही, आणि मेंदूतील रक्तस्रावाने झालेले मृत्यू मात्र त्या गटात अधिक होते. हृद्रोगाचा धोका असलेल्यांवर ४०० एककांची ‘होप’ ही चाचणी झाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लाभ नव्हता. २००५ मध्ये अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणाने ४०० एकक वा त्याहून अधिक मात्रेत एकूण मृत्युदर किंचित वाढतो की काय, अशी शंका पुढे आणली. २०११ मध्ये ३५ हजारांहून अधिक पुरुषांवरील ‘सिलेक्ट’ चाचणीने, रोज ४०० एकक घेणाऱ्यांत पौरुषग्रंथीचे अर्बुद १७ टक्क्यांनी अधिक आढळल्याचे दाखविले. पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थास ‘ताकदीसाठी’ वर्षानुवर्षे ही कॅप्सूल देताना हा आकडा समोर ठेवावा.

तथापि सर्वच कौल प्रतिकूल नाहीत. यकृतातील मेदासोबत दाह असलेल्या, मधुमेह नसलेल्या प्रौढांवरील चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. रोज ८०० एकक ९६ आठवडे दिल्यावर ४३ टक्के रुग्णांच्या यकृताच्या तुकड्याच्या तपासणीत सुधारणा दिसली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ती १९ टक्के होती. हा लक्षणीय लाभ आहे. परंतु सोनोग्राफीच्या अहवालावर ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’ एवढेच लिहिले असता प्रत्येकास कॅप्सूल देण्याची जी पद्धत पडली आहे, तिला या चाचणीचा आधार लागू होत नाही. त्या रुग्णांचे निदान तुकडा तपासून निश्चित केलेले होते, आणि मधुमेही त्यांत नव्हते. ज्याचा कटिपरिघ वाढला आहे, जो दिवसा झोपतो व रात्री उशिरा जेवतो, त्याच्यासाठी मेदोहर आहारविहार हीच पहिली चिकित्सा होय. वृद्धांतील दृष्टिपटलाच्या एका विशिष्ट ऱ्हासातही इतर घटकांसह ४०० एकक दिल्याने व्याधीची गती मंदावते, असे २००१ मधील अमेरिकी अभ्यासात दिसले. तो निर्णय नेत्रतज्ज्ञाचा.

धानाच्या प्रदेशातील तेल

१९९९ मध्ये भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला आमचा गोंदिया जिल्हा धानाचा आणि राईस मिलचा. ज्या कोंड्यात तांदळाचे बहुतांश जीवनसत्त्व ‘ई’ असते, तो येथे डोळ्यांदेखत गाड्या भरून जातो. काही जनावरांच्या पेंडीत, काही तेल काढणाऱ्या कारखान्यांत. पांढराशुभ्र, पॉलिश केलेला तांदूळ जेवणारा मनुष्य कोंड्याची किंमत औषधाच्या दुकानात मोजतो, हे चित्र विचार करण्याजोगे आहे.

परंतु म्हणून ‘मिलमधून कोंडा आणा आणि चमचाभर खा’ असा सल्ला देणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. धान सडले जाताच कोंड्यातील स्नेह फोडणारे किण्व मोकळे होते आणि काही तासांतच तेलाचे आम्लीकरण सुरू होते. एक-दोन दिवसांच्या कोंड्याला येणारा उग्र वास त्याचाच. शिवाय गिरणीच्या कोंड्यात तुसाचे कण व धूळ असते. उसना तांदूळ करताना धान वाफाळले जात असल्याने ते किण्व निष्क्रिय होते व कोंडा तुलनेने टिकतो, अरव्याचा टिकत नाही. ज्यांना कोंड्याचा लाभ हवा त्यांनी कमी पॉलिश केलेला तांदूळ, तोही थोडा-थोडा सडवून आणून वापरावा. आमच्या अनुभवात वृद्धांस तो पचण्यास जड जातो. त्यांना सक्ती करू नये.

कोंड्याच्या तेलात प्रति १०० ग्रॅम सुमारे ३२ मिलिग्रॅम अल्फा टोकोफेरॉल असते, असे अमेरिकी कृषी खात्याची सारणी सांगते. सूर्यफुलाच्या तेलात ते ४१, करडईच्या ३४, शेंगदाण्याच्या १६ च्या आसपास. तिळतेलात मात्र दीडहून कमी व जवसाच्या तेलात अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास! तिळतेलाची थोरवी ऐकत आलेल्या वाचकास हे विचित्र वाटेल. तीळ व जवसात प्रामुख्याने गॅमा टोकोफेरॉल असते. तिळाच्या तेलाचे टिकाऊपण त्यातील सेसमॉलसारख्या अन्य घटकांवरही अवलंबून आहे. तिळतेलाचे गुण जीवनसत्त्व ‘ई’च्या आकड्यात मोजता येत नाहीत, आणि मोजण्याची आवश्यकताही नाही.

जवसाविषयी दोन शब्द. धानाच्या बांधीत उतेरा म्हणून लाखोळी व जवस टाकण्याची आमच्याकडील रीत जुनी आहे. जवसाची चटणी ही येथील थाळीची शोभा. परंतु ‘जवसाचे तेल प्या, ई मिळेल’ हे विधान चुकीचे. अतसी तैल उष्ण, कफपित्तकर व त्वग्दोष वाढविणारे सांगितले आहे; पित्तप्रकृतीच्या व त्वचाविकाराच्या रुग्णास ते केवळ वर्तमानपत्रातील लेख वाचून देऊ नये. मोहाच्या टोळीचे तेल जंगलालगतच्या गावांत पूर्वी स्वयंपाकात व दिव्यात सर्रास वापरले जाई. सुश्रुताचार्यांनी मधूक तैल मधुर-कषाय व कफपित्तशामक म्हटले आहे.

व्यवहाराचा हिशेब असा. कोंड्याचे वा सूर्यफुलाचे चार लहान चमचे तेल दिवसभराच्या स्वयंपाकातून पोटात गेले, तर सहा ते आठ मिलिग्रॅम मिळाले. मूठभर शेंगदाण्यांतून अडीच, आठ-दहा बदामांतून तेवढेच. पालेभाजीचा वाटा निराळा. बदाम परवडत नसतील तर शेंगदाणे खावेत. बदामाचा आग्रह धरणाऱ्या पोषणपत्रिका आमच्या रोवणीवाल्या बायांसाठी लिहिलेल्या नसतात. तेल पुनःपुन्हा कढविले, उन्हात वा उघड्या भांड्यात ठेवले, की टोकोफेरॉल नष्ट होते. कारखान्यात तेलाचा वास घालविण्याच्या अखेरच्या प्रक्रियेतही त्याचा काही अंश निघून जातो, आणि गंमत अशी की त्या निघालेल्या अंशातूनच नैसर्गिक जीवनसत्त्व ‘ई’ वेगळे करून कॅप्सूलमध्ये भरले जाते.

बाह्य उपयोग

कॅप्सूल टोचून तिचे तेल कोरफडीच्या गरात मिसळून मुखास लावण्याची पद्धत तरुणींमध्ये रूढ झाली आहे. रूक्ष त्वचेवर, ओठांच्या भेगांवर कोणताही स्नेह थोडाफार उपकारक ठरतो, तसा हाही ठरतो. व्रणाचा वण जातो, ही मात्र केवळ समजूत. १९९९ मध्ये मायामी येथे शस्त्रक्रियेनंतरच्या १५ रुग्णांवर झालेल्या लहान अभ्यासात बहुतेकांच्या वणात फरक पडला नाही किंवा तो अधिक वाईट दिसला, आणि एक तृतीयांश रुग्णांना त्या तेलाने त्वग्दाह झाला. मुखदूषिका असलेल्या तेलकट त्वचेवर ते लावू नयेच. लावावयाचे असल्यास कोपराच्या आतील बाजूस दोन दिवस लावून पाहावे.

रोवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहणाऱ्या स्त्रियांच्या टाचा फाटतात. पाददारीवर मेण, तूप, राळ यांचा लेप शास्त्रात आहे, स्वस्त आहे आणि चिकटून राहतो. कॅप्सूलचे तेल पुसले जाते. बोटांच्या बेचक्यांतील चिखल्यांवर मात्र कोणतेच तेल लावू नये. तेथे क्लेद असतो. जागा कोरडी ठेवणे व बुरशीची चिकित्सा हेच योग्य. रात्री पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांवर ही कॅप्सूल उपयोगी पडते, हे सिद्ध झालेले नाही. त्या बाईचे हिमोग्लोबिन, दिवसभरात प्यायलेले पाणी आणि सुरू असलेली मूत्रल औषधे प्रथम पाहावीत.

जेथे निष्काळजीपणा महाग पडतो

पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या रक्तात जीवनसत्त्व ‘ई’ कमी असते असे अनेक पाहण्यांत दिसल्याने ‘कॅप्सूलने रक्त टिकते’ असा समज पसरला. परंतु ब्राझीलमध्ये या रुग्णांना जीवनसत्त्व ‘क’ व ‘ई’ मोठ्या मात्रेत एकत्र देऊन पाहिले असता अशक्तपणात सुधारणा झाली नाही, उलट रक्तकण फुटल्याची चिन्हे वाढली. आमच्याकडे आलेल्या एका तरुणाच्या घरच्यांनी हायड्रॉक्सियुरिया ‘कॅन्सरची गोळी’ म्हणून बंद केली होती आणि तिच्या जागी चार महिने ही कॅप्सूल चालविली होती. तो आला तेव्हा छातीत वेदना, ज्वर व श्वासाची गती वाढलेली. त्यास त्याच घटकेला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविणे एवढेच कर्तव्य उरले होते, तो वाचला. सिकलसेलच्या रुग्णास आपण रसायन द्यावे, आहार सांगावा, परंतु रुग्णालयातून सुरू असलेले औषध कोणत्याही जीवनसत्त्वाच्या भरवशावर थांबू देऊ नये.

दुसरा वर्ग वॉरफरिन घेणाऱ्यांचा. आमवातजन्य हृद्रोगानंतर कृत्रिम झडप बसविलेले कित्येक तरुण स्त्री-पुरुष खेड्यांत हे औषध आयुष्यभर घेत असतात. जीवनसत्त्व ‘ई’ मोठ्या मात्रेत जीवनसत्त्व ‘के’च्या कार्यात अडथळा आणते व रक्त गोठण्यास विलंब लावते, ॲस्पिरिन वा क्लोपिडोग्रेलसोबतही स्रावाचा धोका वाढू शकतो. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळा मल ही लक्षणे दिसताच आपण रक्तपित्ताचा विचार करतो. त्यासोबत औषधांची पिशवीही उलटी करून पाहावी. शस्त्रक्रिया वा दात काढणे ठरले असेल, तर ही कॅप्सूल सुरू असल्याचे संबंधित शल्यचिकित्सकास कळविण्यास रुग्णास सांगावे.

खर्रा खाऊन तोंड उघडेनासे झालेल्यांना ही कॅप्सूल सर्रास दिली जाते. खर्रा सुटला नसेल तर ती देणे व्यर्थ.

जेथे देणे योग्य ठरते तेथे ती भोजनासोबत, तेही स्नेहयुक्त भोजनासोबत द्यावी. सकाळी रिकाम्या पोटी काळ्या चहाबरोबर घेतलेली कॅप्सूल फारशी शोषलीच जात नाही. किती एककांची, नैसर्गिक की कृत्रिम, कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे केसपेपरवर लिहावे. ‘पुढे चालू’ असे लिहू नये. बहुतेक प्रसंगी तीन महिन्यांनी पुनर्विचार व्हावा. वॉरफरिनच्या रुग्णाने ती आधीच महिनोन्‌महिने घेतल्याचे आढळल्यास ‘बंद करा’ एवढे सांगून त्यास घरी धाडू नये. कॅप्सूल सुरू असतानाच त्याच्या वॉरफरिनची मात्रा बसविलेली असू शकते, आणि ती थांबताच रक्त पुनः लवकर गोठू लागून झडपेवर गाठ धरण्याचा संभव राहतो. म्हणून बंद करण्याची तारीख चिठ्ठीवर लिहून, त्याच्या हृद्रोगतज्ज्ञास कळवून, आठवड्याभरात आय.एन.आर. तपासणी करून घेण्याची व्यवस्था वैद्याने स्वतः लावून द्यावी.